चूक झाली, मालक

सेलू,
९ जून २०२४

मामांना आणि आत्याबाईंना बबिताचा नमस्कार.

भागवत भाऊजी, पत्र तुमच्या पालमच्या दुकानावर टाकलं आहे, कारण गावात पोस्टमन कधी उगवेल ते त्यालाही ठाऊक नसतं. हे मामांना वाचून दाखवा, आणि सगळं दाखवा. तुमचा स्वभाव मला माहीत आहे. कडू आलं की तुम्ही ते गाळून पुढचं वाचता. या वेळी तसं करू नका.

मामा, मी फोन लावला की तुम्ही 'हं' म्हणता आणि फोन भाऊजींच्या हातात देता. रामहरी गेल्यापासून हेच चाललं आहे. पत्राला नुसतं 'हं' म्हणता येत नाही, म्हणून लिहिते. बारावीपर्यंत शिकवलं माझ्या बापानं, त्याचा काहीतरी उपयोग व्हावा.

दिवस उरकले आणि मी सोनूला घेऊन निघून आले. तेव्हा गावात बायका म्हणाल्या की तरणी आहे, दुसरं घर बघितलं असेल. बघितलं ते जिनिंगचं. उन्हाळ्यापर्यंत तिथं कापसाच्या ढिगात उभी राहत होते, आता हंगाम संपला तर ब्लाऊज शिवते. रुळाच्या कडेला एक खोली घेतली आहे. सोनू गाडी जाताना हात करते. तिचं बरं चाललं आहे. माझं विचारू नका.

मी का निघून आले ते तुम्हाला तोंडावर सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी पालापाशी भाकरी करत होते. रामहरी नेहमीसारखा गाड्या थांबवायला घोंगडी वर धरून रस्त्याच्या मधोमध उभा होता आणि तुम्ही मागून मेंढरं हाकत होतात, पलीकडच्या रानात रात्री बसवायची म्हणून. धाडकन आवाज झाला. मी पिठाच्या हातानं पळत आले. रामहरी कडेला पडला होता, तीन मेंढरं पडली होती, पांढरी कार तिरकी उभी होती. आणि तुम्ही, त्याचा बाप, त्या कारवाल्यापुढं हात जोडून म्हणत होतात, "चूक झाली मालक. आमचीच चूक झाली."

त्याच कारमधून त्याला दवाखान्यात नेलं. तुम्ही सोबत गेलात, मी मेंढरांपाशी थांबले. तो वाटेतच गेला. तुम्ही परत आलात ते मुके होऊन. त्याची घोंगडी कुठं आहे म्हणून विचारलं, त्याचंही उत्तर दिलं नाहीत. मामा, डोळे मिटले की मला रामहरी दिसत नाही, तुमचे जोडलेले हात दिसतात. त्या हातांचा मला राग आहे. भाऊजी, हे वाक्य गाळू नका.

आता कामाचं. परभणीला संघप्रिया नावाच्या वकीलताई आहेत. माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या असतील. त्यांनी पोलिसांचे कागद काढले. गुन्हा रामहरीवर नोंदवला आहे मामा. मेलेल्या माणसावर. मेंढरं बेपर्वाईनं रस्त्यात घातली, म्हणून. आणि त्याला आधार काय, तर 'चूक आमचीच' हा तुमचा जबाब आणि खाली तुमचा अंगठा. कारवाले उद्धवराव, सेलूचे मास्तर, त्यांच्यावर काहीच नाही.

अपघाताच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत असते. दावा गाडीवाल्यावर आणि त्याच्या विमा कंपनीवर लावायचा. त्यात मी, सोनू, तुम्ही आणि आत्याबाई, सगळ्यांची नावं लागतात. सोनूनं शिकावं म्हणून मला भरपाई पाहिजे, हे मी लपवत नाही. पण त्याहून जास्त मला ती चूक खोडून पाहिजे. उद्या पोरीनं कागद वाचायचा आणि तिला कळायचं की बाप स्वतःच्या चुकीनं मेला, हे मी होऊ देणार नाही. ते फक्त तुम्हीच खोडू शकता. आपल्या बाजूनं तुमच्याशिवाय तिथं पाहणारं कुणी नव्हतं.

तुमची सून,
बबिता


सेलू,
४ जुलै २०२४

मामांना नमस्कार.

भाऊजींनी फोनवर तुमचा निरोप सांगितला. तुम्ही आणि आत्याबाईंनी कागदावर अंगठे दिलेत, दावा मुदतीत दाखल झाला. पण साक्षीला येणार नाही, म्हणालात. 'बोललो ते बोललो,' म्हणालात. आणि पोराच्या जिवाचे पैसे घेणार नाही, म्हणालात.

हे मी संघप्रियाताईंना सांगितलं. मला वाटलं त्या हसतील. त्या म्हणाल्या, "बबिता, जिवाचे पैसे कुणीच देत न्हाई, कोर्ट पण न्हाई. माणूस असता तर घरात जे येत राहिलं असतं ते थांबलं, त्याची भरपाई मागायची असते. मामांना सांग, हे मागणं म्हंजी भीक न्हाई."

सांगितलं.

मग त्यांनी विचारलं की रामहरी महिन्याला काय कमवायचा. काय सांगू मामा? कुणाच्या रानात मेंढरं बसवली की खताच्या बदल्यात ज्वारी मिळायची. लोकर विकली की पोरीला कपडे. बाजाराला बोकड नेला की मीठमिरची आणि तुमच्या डोळ्याचं औषध. पगाराची चिठ्ठी कुठून आणू? ताई म्हणाल्या, कंपनी म्हणेल की उत्पन्नाचा पुरावाच नाही, मग साध्या मजुरीचा दर धरतील. अंधारात नुसत्या खोकल्यावरून कोणतं मेंढरू आजारी आहे ते ओळखणारा माणूस, आणि त्याला दर खड्डे खणणाऱ्याचा. खड्डे खणणाऱ्याला मी कमी म्हणत नाही. पण रामहरी तेवढाच नव्हता.

तुम्ही त्याचे बाप. तुम्हाला हे मी का सांगावं?

बबिता


सेलू,
१९ ऑक्टोबर २०२४

मामा,

आज नमस्कार लिहायला हात होत नाही, म्हणून नाही लिहिला.

कंपनीनं कोर्टात लेखी म्हणणं दिलं. काल परभणीला जाऊन मी ते वाचलं. येताना बसमध्ये बसायला जागा होती, तरी मी उभीच आले. त्यात लिहिलं आहे की मेंढरं अचानक रस्त्यावर आली, गाडीवाल्याला थांबायला अवसरच मिळाला नाही. मयत स्वतः रस्त्याच्या मधोमध उभा होता. आणि शेवटी, मयताच्या सख्ख्या वडिलांनी जागेवर आणि पोलिसांपुढं चूक मान्य केली आहे, सबब कंपनी काही देणं लागत नाही.

दुसऱ्याच्या शंभर साक्षीदारांनी जे झालं नसतं ते तुमच्या एका वाक्यानं झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ताईंनी मला समजावलं की कोर्टात चूक अख्खी कुणाच्या पदरात टाकतीलच असं नाही. तिचे वाटे करतात. गाडीवाल्याचा एवढा, मेलेल्याचा एवढा. मेलेल्याच्या वाट्याला जेवढी चूक येईल तेवढी भरपाई कापली जाते. मी विचारलं, रामहरीचा वाटा कशाचा? घोंगडी वर धरून उभा राहिला त्याचा? कळप रस्ता ओलांडताना एकानं पुढं उभं राहायचं, ही तुमचीच शिकवण ना? तो तुमच्या शिकवणीप्रमाणं उभा राहिला आणि तुम्ही त्यालाच चुकीत धरलंत.

ताई म्हणतात, पोलिसांनी काय लिहिलं त्याला दाव्याचं कोर्ट बांधलेलं नाही, ते स्वतः पुरावा बघतं. पण पुरावा तर पाहिजे. रस्त्यावर ब्रेक दाबल्याच्या खुणा नव्हत्या, हे पंचनाम्यात आहे. म्हणजे गाडी न थांबताच आली. पण 'अचानक' या शब्दापुढं ते तोकडं पडतं.

लग्नाआधी तुमच्याबद्दल मला सगळे म्हणायचे, येडबा म्हणजे देवमाणूस, मेंढरालासुद्धा शिवी देत नाही. माझं माहेर जिंतूरकडचं, आम्ही एका जागी राहणारी शेतातली माणसं. तुमच्यामागं रानोरान हिंडताना मला तुमचा अभिमान वाटायचा. आता वाटतं, शिवी द्यायला लागते तेवढी धमकसुद्धा तुमच्यात नव्हती. पोरगं रक्तात पडलेलं असताना ज्याला राग येत नाही तो कसला बाप?

भाऊजी, हे वाचताना तुमचा आवाज बारीक होईल. होऊ द्या, पण वाचा.

बबिता


सेलू,
२६ जानेवारी २०२५

मामांना नमस्कार.

वर्षश्राद्धाला मी आले नाही. त्या दिवशी मी जिथं झालं तिथं गेले होते. सोनूला शेजारणीकडं ठेवलं आणि जिंतूरच्या गाडीत बसले. वळणाच्या अलीकडं उतरले. कंडक्टर म्हणाला, इथं थांबा नाही. मी म्हटलं, मला माहीत आहे.

तिथं काही नाही. वाटलं होतं काहीतरी असेल. कडेची बाभळ आहे, डांबर आहे, गाड्या जातात. मी थोडा वेळ उभी राहिले, तर पलीकडच्या तुरीतून कडूबाई आल्या. ज्यांच्या रानात आपण त्या रात्री मेंढरं बसवणार होतो, त्याच म्हाताऱ्या कडूबाई. त्यांनी मला ओळखलं, बांधावर बसवलं, गूळपाणी दिलं. मग मी रडले.

त्यांनी जे सांगितलं ते आधी लिहिते. त्या म्हणाल्या, "आवं, अचानक कुठलं? निम्म्याच्या वर मेंढरं माझ्या रानात आली व्हती. म्या मोजायलते उभी राहून. शेपटाचीच तेवढी रस्त्यावर राहिली व्हती, तवा गाडीचा आवाज आला."

मामा, कळतंय का याचा अर्थ? एवढा कळप रस्ता ओलांडून गेला, तोवर गाडीवाल्याला तो लांबून दिसत होता की नाही? उद्धवरावांना थांबायला पुष्कळ वेळ होता. मेलेली तीन मेंढरंही मागचीच होती. हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत असणार. ताई तर हे ऐकून खुर्चीतून उठल्याच. कडूबाई साक्षीला यायला तयार आहेत. पोलिसांनी त्यांना विचारलंच नव्हतं, आणि न विचारता बोलायची त्यांना सवय नाही, असं त्या म्हणतात. त्यांचं बोलणं ऐकून तसं वाटत नाही, पण असो.

दुसरं त्यांनी सांगितलं ते तुमच्याबद्दल. दोन सालामागं त्यांच्या बैलानं आपलं कोकरू तुडवलं होतं म्हणे. "मरलं त्याचं, अन् हात कोण जोडतंय, तर येडबाच. चूक झाली मालकीण, कोकरू बैलाच्या वाटंत आलं म्हणला. म्या म्हणलं, येडा हाईस का तू? तर म्हणला, परक्याच्या रानात राहायचं तर चूक आधी आपली म्हणावं, मंग बोलावं."

हे मला माहीत नव्हतं. खरं तर पाहिलं होतं, पण कळलं नव्हतं. मेंढरू कुणाच्या हरभऱ्यात तोंड घालो न घालो, मालक बांधावर दिसला की तुम्ही लांबूनच हात जोडायचात. मला वाटायचं हा तुमचा मवाळपणा. जन्मभर दुसऱ्याच्या जमिनीवर पाल टाकणाऱ्याला दुसरं काय करता येतं? भांडला तर रात्रीतून पाल उचलावं लागतं. तेच तोंडात बसलं तुमच्या. पोरगं पडलं तरी तेच बाहेर आलं.

राग गेला असं लिहिणार नाही, खोटं होईल. पण आता मला तुमची कीव येते. ताई म्हणाल्या, हेच कोर्टात सांगू, की ही कबुली नव्हे, ही सवय आहे. त्यासाठी तुम्ही यायला पाहिजे. कठड्यात उभं राहून एवढंच म्हणायचं, 'साहेब, ती माझी सवय हाय.' बाकी सगळं ताई बघतील.

तुमची सून,
बबिता


सेलू,
११ जुलै २०२५

मामांना नमस्कार.

तुम्ही साक्षीला येतो म्हणालात, हे भाऊजींनी सांगितलं. का ते तुम्ही त्यांनाही सांगितलं नाहीत. मीही विचारत नाही, विचारलं तर तुम्ही फिराल.

तारीख येत्या शुक्रवारची आहे. स्वच्छ धोतर नेसा, फेटा बांधा. काठी आत नेऊ देतील. सकाळची पहिली गाडी धरा, परभणीच्या स्टँडवर मी येते. भाऊजींना त्या दिवशी दुकान सोडता येणार नाही, तेव्हा खिशात माझा नंबर ठेवा. एक दिवस आधीच निघून सेलूला माझ्याकडं मुक्कामाला येता आलं तर बघा, पण आग्रह नाही.

कंपनीचे वकील दिनकरराव म्हणून आहेत. पिकल्या केसांचे, फार गोड बोलतात. ते तुम्हाला बाबा म्हणतील. ते गोड बोलले म्हणून त्यांच्या हो ला हो करू नका. आणि मामा, कृपा करून कठड्यात गेल्या गेल्या हात जोडू नका.

बबिता


सेलू,
२० जुलै २०२५

भागवत भाऊजी,

हे पत्र तुम्हाला आहे. हे मामांना वाचून दाखवू नका. आजवर मी गाळू नका म्हणत आले, आज म्हणते, वाचूच नका. त्यांनी तुम्हाला काही सांगितलं नसणार, म्हणून लिहिते. तुम्ही रामहरीचे भाऊ, तुम्हाला कळायला पाहिजे.

मामा आदल्या दिवशीच सेलूत आले होते, पण माझ्या खोलीवर आले नाहीत. कुठं होते ते मला कोर्टात कळलं. रात्र स्टँडवर काढली असणार. सकाळी माझ्याच गाडीत चढले आणि माझ्या मागच्या बाकावर बसले.

ताईंनी त्यांना साधे प्रश्न विचारले. कळप कसा चालला होता, रामहरी कुठं उभा होता, गाडी किती लांबून दिसली. मामांनी नीट सांगितलं. हात जोडले नाहीत. मला बरं वाटलं. मग दिनकरराव उठले.

ते म्हणाले, बाबा, तुम्ही गाडीवाल्यापुढं हात जोडले होते की नाही? मामा म्हणाले, जोडले. चूक आमचीच, असं म्हणालात? म्हणलो. पोलिसांपुढंही तेच सांगितलंत? सांगितलं. ताईंचा पेन थांबला. सवय आहे म्हणायची तेव्हाच वेळ होती. मी मनात म्हणत होते, म्हणा मामा, सवय म्हणा. ते काही म्हणाले नाहीत.

दिनकरराव तिथंच बसले असते तर आपण हरलो होतो. पण त्यांना आणखी पाहिजे होतं. हसून म्हणाले, मग आज सुनेनं पढवून आणलं म्हणून उलटं सांगताय का? चूक नव्हती, तर तेव्हा कबूल कशाला केलीत?

जज साहेबांनी वर पाहिलं. मग मामा साहेबांकडं बघून बोलले. भाऊजी, मी त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहिते.

"साहेब, पोरगं जित्तं व्हतं. पाणी मागायलतं. रस्त्यानं दुसरी गाडी न्हवती. गाडी ह्यांचीच व्हती. म्या भांडलो असतो, तर हे गाडी काढून गेले असते. भेले व्हते ते बी. म्हणून म्हणलो, चूक आमचीच हाय मालक, कुठं बी सांगतो तसं, पर पोराला गाडीत घ्या."

मामांनी मान वळवून उद्धवरावांकडं पाहिलं.

"हे म्हणले, शीट खराब हुईल. म्या पोराची घोंगडी हातरली. मंग घेतलं."

दिनकररावांना आता थांबायचं होतं, पण साहेबांनीच विचारलं, मुलगा वारला होता, मग नंतर पोलिसांपुढं तसं का सांगितलं? मामा म्हणाले, "शब्द दिल्ता साहेब. ह्यांनी गाडीत घेतलं, ह्यांचं काम केलं. पोरगं वाचलं न्हाई, त्यात शब्दाचा काय दोष? काल ह्यांच्या दारात गेलतो. म्हणलं, मालक, माझा शब्द मला परत द्या, नात मोठी व्हायली. ते भायेर आले न्हाईत. बाईंनी च्या दिला. तो म्या घेतला न्हाई. दारातच सांगून आलो, शब्द परत घेतला म्हणून. मंग हितं आलो."

उद्धवराव मागच्या बाकावर होते. त्यांच्या पत्नी सुमंगलाबाईही होत्या. त्या दिवशी गाडीत त्या शेजारीच बसलेल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. उद्धवराव जमिनीकडं बघत राहिले. मला त्यांचा राग यायला पाहिजे होता, पण माझं तिकडं लक्षच नव्हतं. मी मामांच्या हातांकडं बघत होते. ते कठड्याच्या लाकडावर ठेवलेले होते.

भाऊजी, मी सहा वर्षं त्यांच्या पालात राहिले. वर्षभर त्यांना भित्रा म्हटलं, मग मोठ्या मनानं त्यांची कीव केली. सवय आहे बिचाऱ्याची, म्हणाले. त्या घटकेला तिथं शहाणं माणूस एकटंच होतं, आणि ते मामा. मी पळत आले आणि नुसती ओरडत राहिले, त्यांचं पुढचं बोलणं मला ऐकूच आलं नाही. त्यांनी पोराला दवाखान्यात न्यायला काय लागेल ते पाहिलं आणि त्यांच्याजवळ द्यायला जे एकच होतं ते दिलं.

कोर्ट सुटल्यावर स्टँडवर आम्ही दोघं पालमच्या गाडीची वाट बघत बसलो. मी केळी घेतली, ती त्यांनी सोनूसाठी माझ्याच पिशवीत टाकली. गाडी लागली. चढताना म्हणाले, "घोंगडी दवाखान्यातच राहिली गं. मागायचं सुदरलं न्हाई."

हे पत्र दुकानातच ठेवा.

बबिता


सेलू,
१४ डिसेंबर २०२५

मामांना बबिताचा नमस्कार. आत्याबाईंनाही.

निकाल लागला. ताईंनी मला वाचून, समजावून सांगितला. साहेबांनी कडूबाईंची साक्ष खरी मानली. कळप अचानक आला नव्हता, गाडी भरधाव होती, चूक गाडीवाल्याची. तुमच्या जबाबाबद्दल लिहिलं आहे की मरणाच्या दारातल्या मुलाला वाहन मिळावं म्हणून बापानं जे शब्द उच्चारले त्यांना चुकीची कबुली म्हणता येणार नाही.

पण सगळी चूक त्यांची नाही. संध्याकाळची वेळ, कळपापुढं दिवा नव्हता, म्हणून दहातले दोन हिस्से रामहरीचे धरले. तेवढी भरपाई कापली. सोनूचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत राहणार, तुमचा आणि आत्याबाईंचा वेगळा. तो तरी हातात कधी पडेल ते कुणी सांगू शकत नाही, कारण कंपनी वरच्या कोर्टात जाणार आहे. ताई म्हणाल्या, आपल्यालाही त्या दोन हिश्श्यांसाठी वर जाता येईल. आधीची बबिता असती तर गेली असती. मी म्हटलं, बघू. सोनूला मी सांगेन की तुझा बाप घोंगडी धरून उभा होता, आणि तुझ्या आज्यानं त्याला उचलून गाडीत घातलं. कागदावरचं तिनं नंतर वाचावं.

भाऊजींना मी फोनवर विचारलं होतं, मामांनी मला हे आधी का सांगितलं नाही. त्यांनी तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "पोरगं वाचलं असतं, तर सांगितलं असतं." दीड वर्ष मी तुम्हाला एवढं लिहिलं, आणि तुम्ही पालमला येऊन दुकानाच्या पायरीवर बसून ते सगळं ऐकून घेतलंत. एकही पत्र अर्ध्यात थांबवू दिलं नाहीत, असं भाऊजी म्हणाले. 'लिहू दे तिला, तिचं बरुबर हाय,' म्हणालात.

माझं बरोबर नव्हतं, मामा. तुमच्या पोरानं मरताना कुणाकडं बघितलं असेल, तर तुमच्याकडं. मी तेही तुमच्यापासून हिरावून घेतलं. तुमचं दुःख मी एक दिवसही विचारलं नाही, माझंच मोठं धरून बसले.

पत्रात लिहिणं सोपं असतं म्हणून लिहिते, समोर आल्यावर पुन्हा म्हणेन. चूक झाली, मामा. माझीच चूक झाली.

भाऊजी, आता इथं वाचायचं थांबा आणि मामांकडं बघा. ते हात जोडत असतील. ते हात धरून ठेवा. पुढच्या सोमवारी, २२ तारखेला, मी सोनूला घेऊन येते आहे.

बबिता